थंडीत चूल-शेगडी पेटवण्याआधी, घरात लेकरू असेल तर

नागपुरात हिंगणा रोडला आमच्या घरामागे चार खोल्या आहेत. एमआयडीसीत कामाला आलेली कुटुंबं तिथं भाड्यानं राहतात. कोणी यवतमाळकडचं, कोणी गोंदियाचं, कोणी थेट मध्य प्रदेशातल्या शिवनीहून आलेलं. दिवाळी सरली की एका सकाळी मागच्या अंगणात बंब पेटतो, शेजारी तीन विटांची चूल मांडली जाते आणि अंगणभर धूर होतो. त्या धुराच्या बरोबर मधोमध कानटोपी घातलेलं, नाक वाहणारं एखादं पोट्टं उकिडवं बसलेलं असतं. ऊब तिथंच असते, त्याचं तरी काय चुकलं?

नव्या बिऱ्हाडाला दरवर्षी मी जे तोंडी सांगते, ते इथं लिहून ठेवतेय. पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काकू, लाकडाच्या धुरानं लेकराले खरंच काही होते काय? आम्ही नाही वाढलो काय धुरात?”

वाढलो आपण, पण सगळेच वाढले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरामुळं २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यात पाच वर्षांखालची लेकरं २ लाख ३७ हजारांहून जास्त होती. अशा धुरात राहणाऱ्या लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं हीच संघटना सांगते. दमा असलेल्या पोराचा दमा धुरानं उसळतो. गरोदर बाई रोज चुलीपुढं बसत असेल, तर बाळ कमी वजनाचं जन्माला येण्याची शक्यता वाढते.

धूर तोच असला तरी लेकराला तो जास्त का लागतो, हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. मोठं माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतं. तान्हं बाळ ४०-५० वेळा घेतं. म्हणजे वजनाच्या मानानं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतं. त्याच्या श्वासनळ्या अरुंद असतात, थोडी सूज आली तरी वाट बुजते. फुफ्फुसं तर जन्मानंतरही काही वर्षं घडतच असतात. धुरातले जे कण सर्वांत त्रासदायक, ते अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट खोल जातात. आपल्या देशात अशा कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हा आकडा शेकड्यांत जातो, पेटवतेवेळी हजाराच्याही वर.

आता कामाचं. मी जो क्रम देतेय तो धोक्याच्या हिशेबानं आहे. सगळं एकदम करणं कोणाला जमत नाही, पैसेही लागतात. वरची कामं फुकट आहेत, ती आज करा.

पहिलं काम : रात्री शेगडी खोलीबाहेर

धूर दिसतो म्हणून आपण त्याला भितो. पण धूर संपून नुसता लालबुंद इस्तव उरतो ना, तेव्हा जीवावरचं संकट सुरू होतं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

नागपूरच्या घरांत याला एक खास जोड मिळते, ती म्हणजे कूलरची खिडकी. उन्हाळ्यात जिच्यावर जीव तगतो, तीच खिडकी हिवाळ्यात पोतं, पुठ्ठा, जुनी चादर कोंबून आपण बुजवतो. बहुतेक एका खोलीच्या बिऱ्हाडात हवा यायला दुसरी वाटच नसते.

काही हिवाळ्यांपूर्वी आमच्याच एका खोलीत हे झालं. नवरा रात्रपाळीला होता. बायकोनं चूल विझल्यावर उरलेले निखारे घमेल्यात घेऊन खोलीत ठेवले, दार लावलं, तीन वर्षांच्या पोराला कुशीत घेऊन झोपली. पहाटे नवरा परतला तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती, डोकं फुटून राहिलंय म्हणत होती, पोरगं दोनदा ओकलं होतं आणि सुस्त पडलं होतं. आम्हाला वाटलं, शिळं खाल्लं असेल. मी कोरोनातलं ऑक्सिमीटर आणून बोटाला लावलं तर ९८. म्हटलं, चला, श्वासाचं काही नाही. १०८ वर फोन केला म्हणून निभावलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत दोघंही बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, या वायूच्या विषबाधेत बोटावरचं यंत्र फसतं, त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही ऑक्सिजनचंच वाटतं. त्या खोलीला हवा यायला दुसरी जागा नव्हती, हा दोष माझा. आता चारही खोल्यांच्या भिंतीत वर दोन-दोन विटा काढून जाळी बसवलीय. जाळी आहे म्हणून शेगडी चालेल, असं मात्र समजू नका.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, झोपाळल्यासारखं झालं आणि जवळपास कुठं निखारे असतील, तर दुसरा विचार करू नका. दारं उघडा, आधी लेकरू उचलून बाहेर न्या, मग १०८. दवाखान्यात “खोलीत शेगडी होती” हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर ते पोटाचं औषध देत बसतील. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि खिडकी नसेल, तर तिथंही हाच वायू साठतो, हे जाता जाता.

मग रात्री ऊब कशाची? २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या रात्री नुसत्या चादरीवर झोपा, असं मी कोणाला सांगणार नाही. जमिनीवर आधी पोतं, त्यावर सतरंजी, मग गादी, कारण थंडी खालून जास्त येते. लेकराला दोन-तीन पातळ कपडे एकावर एक, टोपी, मोजे. तान्ह्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून वरून पांघरूण घेतलं, तर त्याच्याइतकी चांगली शेगडी नाही. पांघरूण त्याच्या तोंडावर येऊ देऊ नका. झोपायच्या आधी अंथरूण गरम करायचं तर गरम पाण्याची पिशवी पांघरुणात ठेवा आणि बाळाला टाकायच्या आधी काढून घ्या.

दुसरं काम : चूल हलत नसेल तर पोर हलवा

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. चुलीचा सर्वांत दाट धूर पेटवताना आणि विझवताना निघतो. ती पहिली पंधरा-वीस मिनिटं लेकरू तिथं नको, एवढं जरी पाळलं तरी फरक पडतो. पाठीला झोळी बांधून भाकरी थापणं किंवा चुलीशेजारीच पाळणा टांगणं या सवयी मोडाव्या लागतील. बाळ ज्याच्याकडे द्यायचं त्याला आधी तयार ठेवा, मग काडी ओढा. आजोबांना तेवढंच काम.

वारा बघा. अंगणात चूल असली म्हणजे धूर घरात येत नाही, हा भ्रम आहे. राखेची चिमूट हवेत सोडून बघा, कुठं जाते. ती जर तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या दाराकडे जात असेल तर चूल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर ऊबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, म्हणून धूर वर न जाता वस्तीत लोळत राहतो. दहानंतर ऊन तापलं की तो उठतो.

म्हणूनच मला आंघोळीबद्दल बोलायचंय. बाळाला सकाळी सातलाच न्हाऊ घालायचा अट्टहास कशासाठी? डिसेंबरातही नागपूरला अकरा-बाराला छान ऊन असतं. काळी बादली किंवा पिंप दहा वाजल्यापासून उन्हात ठेवा, पाणी कोमट होतं, मग वरून थोडं गरम ओतायचं. आमच्याकडच्या एका सुनेनं एवढंच केलं, तर बंबाचं सरपण निम्म्यावर आलं. सासूबाई आठ दिवस फुगून होत्या. नंतर त्याही उन्हातच तेल लावायला लागल्या.

बादलीत विजेचा रॉड टाकून पाणी तापवत असाल तर दार बंद, लेकरू बाहेर. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात नाही. धुरातून सोडवून शॉकच्या तोंडी द्यायचं नाही.

तिसरं : बाळाची धुरी

इथं आवाज चढतात, हे मला माहीत आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी, बाजेखाली निखारे, आंघोळीनंतर बाळाला ओवा, बाळंतशोपा, वावडिंगाची धुरी, हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. माझंही सगळं तसंच झालं. मालिशवाल्या मावशी म्हणतात, “धुरीनं सर्दी होत नाही, बाई.” त्यांच्या हाताला गुण आहे, मालिश त्यांच्याकडूनच करून घ्या. पण पाच दिवसांच्या जीवाला, ज्याच्या श्वासनळ्या इतक्या बारीक असतात, मुद्दाम धुरावर धरणं चुकीचंच. ओवा औषधी असला तरी जळला की त्याचाही धूरच होतो. शिवाय शेगडीवरून बाळ धरताना हात सटकल्याचे, दुपट्यानं पेट घेतल्याचे किस्से प्रत्येक गल्लीत आहेत.

भांडण न करता मार्ग निघतो. मावशींना म्हणा, धुरी रिकाम्या खोलीला द्या. ओवा टाका, सुवास करा, मग शेगडी बाहेर काढा, दार-खिडकी उघडून अर्धा तास जाऊ द्या, नंतर बाळ-बाळंतीण आत. मावशींचा मान राहतो, घराची रीत राहते. बाळंतिणीच्या पाठीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून. ऊद, लोभान, अगरबत्ती, डासांची कॉइल यांनाही हाच नियम. कॉइलपेक्षा मच्छरदाणी कधीही बरी.

चौथं : काय जाळताय ते बघा

लाकूड ओलं असेल तर बरीचशी आग पाणी उडवण्यात जाते आणि उरलेला धूर तुमच्या वाट्याला येतो. इंग्लंडनं मे २०२१ पासून ओलं जळाऊ लाकूड थोड्या-थोड्या प्रमाणात विकायलाच बंदी केली. ओल २० टक्क्यांपर्यंतच हवी असा दंडक आहे. आपल्याला यंत्र नको. दोन खांडं एकमेकांवर आपटा. सुकलेलं ठण्णकन वाजतं, ओलं भद्द. सुकलेल्याच्या टोकाला चिरा असतात, साल सहज सुटते. पेटवल्यावर टोकातून फेस आला, सूं-सूं आवाज आला, की ओलं.

यात नागपूरकर भाग्यवान. एप्रिल-मेचं ४५ अंशांचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी. सरपण त्या वेळी मनगटाइतकं बारीक फोडून उन्हात रचा, मृगाच्या आधी टिनाखाली घ्या, जमिनीपासून दोन विटा उंच. दिवाळीनंतर धावतपळत विकत घेतलेलं जळतन बहुतेक ओलंच असतं.

लकडगंजच्या टिंबर मार्केटमधून किंवा सुताराकडून येणारे तुकडे स्वस्त मिळतात. त्यातले साध्या सागवानाचे, सालवृक्षाचे ठीक. प्लायवूड, लॅमिनेट, रंगवलेल्या जुन्या दारांच्या फळ्या अजिबात नकोत. प्लायच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू निघतो, जुन्या रंगांत शिसं असतं, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं. त्या राखेनं भांडीही घासू नका. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा ट्यूबचा तुकडा टाकायची खोड अनेकांना असते. त्याऐवजी नारळाची शेंडी, बारीक काटक्या, वाळलेल्या तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या). तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) भसकन पेटतात आणि भसकन संपतात, पेटवायला उत्तम, पण त्यावरच अख्खा स्वयंपाक करायचा तर सारखं फुंकत बसावं लागतं. गोवऱ्यांचा धूर लाकडापेक्षाही जास्त. गोवऱ्यांत भाजायच्या रोडग्यांचा (कणकेच्या गोळ्यांचा) बेत शेतावर, वर्षातून दोनदा, लेकरं वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवून. रोडगे सोडा असं म्हणायला माझी जीभ उचलणार नाही.

गेटवरच्या चौकीदाराच्या शेकोटीत टायर, थर्माकोल, कचरा जातो आणि तो धूर पहिल्या मजल्यावरच्या पाळण्यापर्यंत येतो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली, साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या ढिगाला पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. पण त्या माणसाला दंडाची धमकी देण्याआधी सोसायटीनं त्याला जाड जर्किन, कानटोपी आणि दार असलेली केबिन द्यावी. तो हौसेनं टायर जाळत नाही.

पाचवं : चूल सुधारणं आणि बदलणं

घरातच चूल असेल तर तिला धुराडं हवं. ते छपराच्या दोन-तीन फूट वर निघालं पाहिजे, नाहीतर धूर पुन्हा आत वळतो. महिन्यातून एकदा काजळी काढा. चुलीसमोरच्या भिंतीत खाली हवेची वाट, वरती छपराजवळ धुराची वाट. कमी धुराच्या सुधारित चुली मिळतात. आपल्या नागपूरच्या नीरीनं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनंही अशी चूल विकसित केलीय. अशा चुलींनी धूर कमी होतो, शून्य होत नाही. ग्वाटेमालात लहान लेकरांच्या घरी धुराडं असलेल्या चुली बसवून मोठी पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. एकूण न्यूमोनियात ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही, पण तीव्र न्यूमोनिया साधारण एक-तृतीयांशानं कमी झाला.

शक्य असेल त्यानं गॅस घ्यावाच. मे २०१६ पासून उज्ज्वला योजना आहे, पात्र बाईच्या नावावर जोडणी मिळते; परगावाहून आलेल्या कुटुंबानं गॅस एजन्सीत स्थलांतरितांसाठीच्या स्वयंघोषणापत्राबद्दल विचारावं. पण सिलिंडर आणून कोपऱ्यात जपून ठेवायचा आणि पाणी, डाळ, कणसं चुलीवरच करायची, हे मी फार बघितलंय. पैशाचा प्रश्न आहे, कळतं. निदान लेकरू घरात आणि जागं असताना जे शिजतं ते गॅसवर, असा भाग पाडा.

गॅस आला म्हणजे लेकरू न्यूमोनियातून सुटलं, असंही नाही. भारतासह चार देशांत गरोदर बायांना गॅस देऊन पुढे त्यांच्या बाळांवर लक्ष ठेवण्याचा एक मोठा प्रयोग झाला. धूर खूप कमी झाला, तरी तीव्र न्यूमोनियात म्हणावा तसा फरक दिसला नाही. काहीजण यावरून “मग चूलच बरी” म्हणतात. मी असं वाचते, की न्यूमोनियाला दारं अनेक आहेत आणि धूर त्यातलं एक. बाकीचीही लावून घ्या : सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि लसी. न्यूमोकोकलची लस सरकारी केंद्रात सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना फुकट मिळते; न्यूमोनिया करणाऱ्या हिब या दुसऱ्या जंतूवरची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतच असते.

दोन गैरसमज आणखी. ओढणी किंवा रुमाल तोंडाला बांधल्यानं हे बारीक कण अडत नाहीत. आणि हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र कण पकडतं, कार्बन मोनॉक्साइड नाही. त्याच्या भरवशावर खोलीत शेगडी ठेवायची नाही.

सहावं : श्वास मोजायला शिका

हे प्रत्येक आईबापाला यायला हवं. लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगरखा वर करून पोटाकडे बघा. पोट एकदा वर आलं की एक. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचा ४० किंवा जास्त आला, तर तो जलद श्वास. पुन्हा एकदा मोजा. तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर लगेच.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, बाळ कण्हतंय, दूध घेत नाही, ओठ निळसर दिसतात, उठवलं तरी उठत नाही, यातलं एकही दिसलं तर छातीला तेल-शेक करत रात्र काढायची नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, आमच्या बाजूला डिगडोहचं लता मंगेशकर हॉस्पिटल, जे जवळ पडेल ते.

आणि भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ फडकं सैल झाकून दवाखाना.

मागच्या खोल्यांच्या दारांवर आतून मी एक कागद चिकटवलाय. त्यावर तीनच आकडे आहेत, ६०, ५०, ४०, आणि खाली १०८. चिकटवायला उंची बघा; आमचा पहिला कागद दोन वर्षांच्या पोरानं फाडून खाल्ला होता.